आधी रिकामी रायफल, मग कागद, ससा नाहीच

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय चौतीस, नोकरी हिंजवडीत, सासवडच्या पुढे वडिलोपार्जित सहा एकर, त्यात अंजीर आणि सीताफळ. शनिवार-रविवार तिकडे जाणं असतं. परदेशातले व्हिडिओ पाहून एअर रायफल घ्यावीशी वाटते. नेमबाजी शिकायची आहे आणि हात बसला की शेतात येणारे ससे, तित्तर, होले टिपायचे आहेत. परवाना लागतो का, कोणती रायफल घ्यावी, खर्च किती, आणि चुलत्यांची माळ्यावर पडलेली जुनी एअरगन वापरता येईल का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी पुण्यात सव्वीस वर्षं एअर रायफल शिकवतोय. असा प्रश्न वर्षातून आठ-दहा जण तरी विचारतात आणि बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. म्हणून शिकारीचं आधी सांगतो. ते मनातून गेल्याशिवाय पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

शिकार करता येणार नाही. स्वतःच्या शेतात नाही, एका सशाचीही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या. ससा, तित्तर, लावा ही तुमच्या बांधावर दिसणारी मंडळी संरक्षित आहेत आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत. पूर्वी पाचवी अनुसूची म्हणून ‘उपद्रवी’ प्राण्यांची यादी असायची, त्यात कावळा, उंदीर, वटवाघूळ होते. त्या यादीचा आधार अजूनही काही जण देतात, पण ती अनुसूचीच आता राहिलेली नाही. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, फासे लावणं, हाका घालून प्राणी हुसकावणं, आमिष टाकणं आणि यातलं काही करण्याचा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा झालेला असतो. शिक्षा साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैद तीन वर्षांपासून सुरू होऊन सात वर्षांपर्यंत जाते. रायफल जप्त होते, आणि ज्या गाडीतून गेलात तीही.

‘शेत माझं आहे’ हा मुद्दा इथे चालत नाही. शेत तुमचं, ससा तुमचा नाही. रानडुकरं किंवा हरणं पीक खात असतील तर वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करण्याची सोय आहे. रानडुकराचा त्रास फारच असेल तर तिथलेच अधिकृत अधिकारी काय परवानगी द्यायची ते ठरवतात. त्यात एअर रायफलीचा संबंध येत नाही, आणि तिने रानडुकराला डिवचणारा माणूस स्वतःच्या मांडीवर टाके घालून घेईल.

आता ते व्हिडिओ. ते बहुधा इंग्लंडमधले असणार. तिथे ससा आणि रानकबुतर ही शेतीची कीड मानली जाते आणि ठरावीक अटींवर त्यांना मारायला मुभा आहे. बारा फूट-पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळा ज्यूल ऊर्जेच्या एअर रायफलीला इंग्लंड-वेल्समध्ये परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ अखेरपासून तोही लागतो. तिथल्या शिकाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा पॉइंट टू टूची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची रायफल असते, वर चांगली दुर्बीण, आणि मागे कित्येक वर्षांचा कागदी टारगेटवरचा सराव. व्हिडिओत आपल्याला शेवटचे चाळीस सेकंद दिसतात. त्या आधी न झाडलेल्या गोळ्या दिसत नाहीत.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गणित बघा. भारतात परवान्याशिवाय मिळणाऱ्या चांगल्या स्प्रिंग रायफलीतून (स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणाऱ्या) अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सुमारे दोनशे चाळीस मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो. चाळीस मीटरांवर पोहोचेपर्यंत तो नळीच्या सरळ रेषेपासून अठरा-एकोणीस सेंटिमीटर खाली आलेला असतो. तुम्ही चाळीस समजलात आणि अंतर पस्तीस निघालं, तर छर्रा दोन-तीन सेंटिमीटर इकडचा तिकडे जातो. सासवडच्या माळावर दुपारी असते तशी झुळूक आडवी आली की तो आणखी सात-आठ सेंटिमीटर सरकतो. सशाला जागच्या जागी मारायचं तर डोक्यावर जेमतेम तीन सेंटिमीटरची जागा मिळते. म्हणजे नवख्या हाताने झाडलेला छर्रा बहुतेक वेळा पोटात किंवा मागच्या पायात जाणार, ससा पळणार आणि कुठल्यातरी काटेरी जाळीत दोन दिवसांनी मरणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वाई तालुक्यातलं आमचं गाव. मी तेरा वर्षांचा होतो आणि मामाकडे एक एअरगन होती. गोठ्याच्या मागच्या बाभळीवर होला बसला होता. मी कुडाला टेकून नेम धरला, चाप ओढला, होला खाली घाणेरीत पडला. शोधायला दहा मिनिटं लागली. सापडला तेव्हा तो जिवंत होता. एक पंख उघडा पडलेला, पिसावर रक्ताचा अगदी लहान ठिपका, शर्टाच्या गुंडीएवढासुद्धा नाही. आणि डोळ्याची पापणी खालून वर येत होती, मिटत होती, परत उघडत होती. मला त्याची मान मोडता आली नाही. तसाच घेऊन घरी आलो. आजीने माझ्याकडे पाहिलंही नाही, वाटी पुढे केली आणि म्हणाली, “पाणी पाज त्याला.” तो संध्याकाळी गेला. तेव्हाही कायदा होताच, आम्हाला तो कोणी सांगितला नव्हता एवढंच.

कोणी सलीम अलींचं उदाहरण देतात. लहानपणी त्यांनीही एअरगनने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि त्यातूनच ते पक्ष्यांकडे वळले, हे खरंच आहे. पण ती गोष्ट गेल्या शतकाच्या सुरुवातीची. तेव्हा ना हा कायदा होता, ना पुण्याभोवतीची माळरानं बंगल्यांच्या प्लॉटांखाली गेली होती. एअरगनने काय होतं ते पाहायचं तर अरुणाचलकडे बघा. तिथे २०२१ मध्ये सरकारने लोकांना एअरगन जमा करण्याचं आवाहन केलं आणि दोन हजारांहून जास्त बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या. गावाजवळचं रान मुकं झालं होतं, हे त्यांना स्वतःलाच जाणवत होतं.

एवढं झालं. आता ज्याच्यासाठी मी हे पत्र आनंदाने लिहितोय तिकडे येतो.

परवान्याचं सरळ आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर रायफलीची नळी ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आणि नळीच्या तोंडाशी छर्र्याची ऊर्जा वीस ज्यूलपर्यंत असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. यातलं एकही ओलांडलं की लागतो. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. बिलावर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या आणि त्या बिलाची प्रत कायम रायफलीच्या पिशवीत ठेवा. नेताना रायफल पिशवीत बंद, छर्रे वेगळे. बाइकवर पाठीला उघडी अडकवून दिवे घाटातून जाणारी मुलं मी पाहिली आहेत. रस्त्यावरच्या माणसाला ती एअरगन आहे की काय आहे हे कळत नाही, आणि नाक्यावरच्या पोलिसालाही कळायचं कारण नाही.

पण माझं ऐकाल तर पहिले तीन महिने काहीच विकत घेऊ नका.

पुण्यात राहून नेमबाजी शिकायची संधी मिळते ही साधी गोष्ट नाही. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, तिथल्या शूटिंग रेंजवर २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली. गगन नारंगने आपली अकादमी २०११ मध्ये इथेच सुरू केली. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरीजवळच्या कांबळवाडीचा, पण घडला तो बालेवाडीत, दीपाली देशपांडे यांच्या हाताखाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद आणलं, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलमध्ये. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या तेव्हा आमच्या रेंजवर अक्षरशः रांग लागली होती. आपल्याकडे शिकवणारे हात आहेत. शहरात लहान-मोठे दहा मीटरचे क्लब आहेत आणि सुरुवातीला बहुतेक ठिकाणी क्लबची रायफल वापरायला मिळते. घराजवळचा किंवा ऑफिसच्या वाटेवरचा बघा, नावाजलेला लांबचा नको. आठवड्यातून तीन वेळा जाणं झालं पाहिजे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटूनसुद्धा.

पहिल्या दिवशी आत गेल्यावर काय दिसेल ते सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. दहा मीटरवर एक कागद, किंवा हल्ली इलेक्ट्रॉनिक टारगेट. त्यातलं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. त्याच्या मध्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, त्याची कड त्या ठिपक्याला टेकली की दहा. अगदी मधोमध गेला तर १०.९. स्पर्धेत साठ गोळ्या आणि पंचाहत्तर मिनिटं, म्हणजे कमाल ६५४. तिथे दुर्बीण नसते. मागे छिद्राची साईट, पुढे एक गोल कडं, आणि कड्याच्या आत काळं वर्तुळ असं बसवायचं की चहूबाजूंनी पांढरी फट सारखी दिसावी.

माझ्या गुरूंनी पहिले पंधरा दिवस मला छर्रा दिला नव्हता. मीही तेच करतो, आणि तुम्हाला शिकवणारा असं करत असेल तर त्याच्यावर चिडू नका. रिकामी रायफल उचलायची, नेम धरायचा, चाप ओढायचा, ठेवायची. स्प्रिंगच्या एअरगनने हे करू नका, छर्रा नसताना स्प्रिंग सुटली की पिस्टन आपटतो आणि सील जातं. मॅच रायफलीत, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीत, बिनछर्र्याच्या सरावासाठी वेगळी सोय असते.

या पंधरा दिवसांत शिकायचं काय? उभं राहायला. हे लिहायला सोपं आहे आणि करायला वर्षं जातात, म्हणून जरा थांबून सांगतो. रायफल साडेपाच किलोपर्यंतची असू शकते. ती दंडाच्या ताकदीवर धरली की तिसऱ्या मिनिटाला हात थरथरतो. म्हणून डावं कोपर बरगडीच्या खाली, कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि वजन हाडांवरून थेट जमिनीत सोडायचं. बायका घागर कमरेवर घेतात तेव्हा हाताने उचलून धरत नाहीत, कमर बाहेर काढून तिच्यावर ठेवतात, अगदी तसं. कंबर थोडी पुढे, पाठ थोडी मागे, गुडघे सरळ पण ताठ नाहीत. मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट टारगेटच्या डावीकडे गेलेली दिसली तर हाताने उजवीकडे ओढू नका. पाऊल हलवा. मागचं पाऊल बोटभर सरकवलं की सगळी रायफल आपोआप जागेवर येते. हाताने ओढून आणलेला नेम चाप सुटताना परत आपल्या जागी जातो, आणि छर्रा त्याच्यामागे जातो.

श्वास अर्धा सोडून थांबवायचा. थांबल्यावर पाच ते आठ सेकंदांत गोळी गेली पाहिजे. दहाव्या सेकंदाला डोळ्यापुढे चित्र धूसर व्हायला लागतं, पण मन म्हणतं, आता झालंच, आता ओढ. त्या वेळी रायफल खाली घ्यायची. मी मुलांच्या वहीत गोळ्यांच्या शेजारी हेही लिहायला लावतो: आज किती वेळा रायफल न झाडता खाली घेतली. ज्या दिवशी हा आकडा शून्य असतो त्या दिवशी गुण बहुधा कमीच पडलेले असतात. चाप बोटाच्या पहिल्या पेराच्या मधोमध, सरळ मागे. गोळी सुटल्यावर दोन सेकंद तसंच राहायचं आणि ती कुठे लागली असेल ते कागदाकडे न बघता सांगायचं. “थोडी उजवीकडे, ९.८.” मग बघायचं. हा अंदाज खरा येऊ लागला की समजा तुम्ही नेमबाज व्हायला लागलात, गुण काहीही असोत.

घरी सराव करायचा तर हॉलमध्ये पाच मीटर मोजा. भिंतीवर पंधरा मिलिमीटरचा काळा ठिपका लावा, तुमच्या खांद्याच्या थोडा खाली. रायफल नसेल तर नुसतं उभं राहायचा सराव झाडूच्या दांड्याला पाण्याची बाटली बांधून केला तरी चालतो. रोज वीस मिनिटं. आठवड्यातून एकदा तीन तास करण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

खर्चाचं विचारलंत. देशी स्प्रिंग रायफल दहा-पंधरा हजारांच्या आसपास सुरू होते. आपल्याकडचीच प्रेसिहोल कंपनी आता दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीही करते. वॉल्थर, फाईनवर्कबाऊ, स्टायर यांच्या मॅच रायफली दोन लाखांच्या पुढे, आणि जॅकेट-पँट-बूट वेगळे. जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं, इतकं ताठ की नुसतं ठेवलं तर उभं राहतं. तेच पाठीला आधार देतं, म्हणून रायफल आणि जॅकेट यात निवडायची वेळ आली तर अंगाला नीट बसणारं जॅकेट आधी घ्या आणि रायफल क्लबची वापरा. जुनी मॅच रायफल घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख बघा, दहा वर्षांनंतर तो बदलायचा असतो. विकणारे याबद्दल स्वतःहून क्वचितच बोलतात. छर्रे पाचशेच्या डब्यात मिळतात. मॅचचे छर्रे डोक्याच्या मापाने ४.४९, ४.५०, ४.५१ असे येतात आणि प्रत्येक नळीचं एखाद्या मापाशी पटतं. ते नंतरचं बघता येईल. छर्रे शिशाचे असतात, सराव झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही.

स्पर्धेचा विचार आत्ता करू नका, पण माहीत असू द्या: जिल्हा, राज्य, मग मावळणकर आणि त्यानंतर राष्ट्रीय असा साधारण चढता क्रम असतो. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. देशाच्या रायफल संघटनेची १९५१ मध्ये स्थापना झाली तेव्हाचे अध्यक्ष तेच, म्हणून स्पर्धेला त्यांचं नाव. शिवाय आपल्याकडे ‘ओपन साईट’ प्रकारही खेळला जातो. त्यात पुढे साधी माशी (नेमाचं टोक) आणि मागे खाच असलेली रायफल चालते आणि पन्नाशीतली माणसंही पदकं नेतात. चौतीस हे उशिराचं वय अजिबात नाही. माझ्याकडे एक बँकेतून निवृत्त झालेले काका बासष्टाव्या वर्षी आले. दोन वर्षांनी त्यांच्या हाताचा कंप गेला असं त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं. औषधाने की रायफलीने ते मला ठाऊक नाही, पण रायफल त्यांनी सोडली नाही.

आता तुमच्या मनातलं रान. ते कागदाने भरून निघणार नाही हे मला कळतं. वाऱ्याचा अंदाज, अंतराचा अंदाज, दबकत जाणं, वाट बघणं, यात जी ओढ आहे ती खोटी नाही. तिच्यासाठी इंग्लंडमध्येच १९८० च्या सुमारास लोकांनी फील्ड टारगेट नावाचा खेळ काढला. प्राण्याच्या आकाराचा लोखंडी पत्रा, त्यात पंधरा ते चाळीस मिलिमीटरचं एक भोक, आणि भोकामागे पाटी. छर्रा भोकातून गेला तरच पत्रा मागे पडतो, दोरी ओढली की परत उभा. अंतर साधारण सात मीटरपासून पन्नासपर्यंत आणि ते तुम्हाला कोणी सांगत नाही. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, चढावर, उतारावर नेम धरायचा. शिकारीचं सगळं कसब यात लागतं आणि मागे काही तडफडत नाही.

सहा एकरांत हे सहज होईल. सासवडच्या एखाद्या वेल्डरकडून चार पत्रे करून घ्या. बायकोला किंवा मित्राला ते कुठेही लावायला सांगा, तुम्ही अंतर डोळ्याने सांगा आणि मग टेपने मोजा. पहिल्या दिवशी तुमचे तीस मीटर बावीस निघतील. एक महिना हे करा, रायफल न घेतासुद्धा.

मात्र रायफल घेतल्यावर शेतात दोन गोष्टींवर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. प्रत्येक टारगेटच्या मागे मातीचा बांध किंवा वाळूची पोती हवीत, कारण वरच्या दिशेने सुटलेला छर्रा तीनशे मीटरच्या आसपास जाऊ शकतो आणि शेजारच्या शेतात भांगलणाऱ्या बाया तुम्हाला बाभळीआडून दिसत नाहीत. आणि दगडावर, बाटलीवर, डब्यावर छर्रा मारायचा नाही. तो परत येतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मावसभावाचा डोळा असाच गेला, डबा आठ फुटांवर होता. म्हणून चष्मा, झाडणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही. पडणारे पत्रे आठ मीटरच्या आत लावू नका. लहान मुलं असतील तेव्हा रायफल बाहेरच काढू नका. आणि सोसायटीत गॅलरीतून कबुतरांवर चालवायचा विचार कधी मनात आला तर जाळी बसवून घ्या, दोन हजारांत काम होतं.

ससेही राहू द्या की सोबतीला. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घ्या आणि पहाटे पाचला बांधावर बसा, वारा तोंडावर येईल अशा बाजूला. ससा दिवसा गवतात अंगापुरता खड्डा करून बसतो आणि तुमचा पाय जवळपास त्याच्यावर पडेपर्यंत हलत नाही. त्याच्या लेंड्या, त्याची ठरलेली वाट, तित्तराची जोडी कुठल्या कुंपणातून बाहेर येते, हे वाचता आलं की माग काढणं आलं. मी वर्षातून चार-पाच वेळा जेजुरी, मोरगाव करत सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जातो. पाच चौरस किलोमीटरच्या पुढे थोडंसंच, पण चिंकारा दिसतो. एकदा एक नर चाळीस मीटरवर आला. मी श्वास अर्धा सोडून थांबलो होतो, बोट आपोआप सरळ झालं होतं, आणि आठ सेकंद मोजून झाल्यावर मी श्वास घेतला. तो मान वळवून बघत राहिला.

राहिली चुलत्यांची एअरगन. ती माळ्यावरून काढा, पण नळी वाकवून स्प्रिंग चढवू नका. वर्षानुवर्षं पडलेल्या बंदुकीची स्प्रिंग गंजलेली असते, चामडी वॉशर वाळलेला असतो आणि खिटी (चढवलेली स्प्रिंग अडवणारा खटका) कधी सुटेल याचा भरवसा नसतो. सुटली तर नळी उलटी येऊन बोटं चिरडते. आधी नळीवरचा आकडा वाचा. .१७७ किंवा ४.५ लिहिलं असेल तर कारागिराकडून स्प्रिंग आणि वॉशर बदलून घ्या, ओपन साईटचा सराव करायला ती उत्तम ठरेल. .२२ किंवा ५.५ असेल तर आजच्या नियमांप्रमाणे ती परवान्याच्या कक्षेत येते, मग घरात किती वर्षं आहे याला महत्त्व नाही. तशीच असली तर ती चालवू नका, पुण्यात घेऊनही येऊ नका. शस्त्रांचा परवाना असलेल्या विक्रेत्याला आधी फोटो दाखवा आणि पुढे पोलीस ठाण्यात काय कागद लागतील ते विचारून घ्या. आकडा पुसलेला असेल तर फोटो मलाही पाठवा, खिटीजवळचा आणि नळीच्या तोंडाचा, शेजारी पट्टी ठेवून.